गाडी कुठं भरली?

धुळ्यात पारोळा रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गादीवर मी बावीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडल्या. दारात गाडी उभी राहिली की ड्रायव्हरला पहिला प्रश्न एकच असायचा, "गाडी कोठे भरनी, भाऊ?" चहा त्यानंतर. त्या एका उत्तरात सगळं यायचं. सुरतेला कापड भरून नागपूरला निघालेली गाडी असेल तर आपला संबंध डिझेल आणि जेवणापुरता. तीच गाडी दोंडाईच्याला, शिरपूरला, अमळनेरला भरलेली असेल तर तिच्यात आपल्याकडची हमाली आहे, दलाली आहे, कुणाच्या तरी शेतातला नाहीतर कारखान्यातला पैसा आहे. आमच्या रजिस्टरला दोन मुख्य रकाने होते, 'भरली' आणि 'खाली केली'. नुसत्या पुढं निघून गेलेल्या गाड्यांना रकानाच नव्हता.

हे सांगायचं कारण म्हणजे खानदेशात विकासाची कुठलीही सभा असली की महामार्गांचा पाढा ठरलेला असतो. धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता, सुरत-नागपूर रस्ता आणि सोलापूरकडे जाणारा रस्ता एकत्र येतात, दिवसरात्र ट्रकांची रांग सुरू असते, म्हणजे भरभराट दारात आलीच, असा सूर असतो. ऐकणारेही माना डोलावतात. मीही कैक वर्षं डोलावली. आता मात्र माझं मत पक्कं झालंय की ट्रकांच्या गर्दीवरून आपल्या भागाची आर्थिक प्रगती मोजणं चुकीचं आहे आणि त्या चुकीपायी आपला पैसा भलत्याच ठिकाणी खर्च होतो.

देशाच्या पातळीवर या समजात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. शेती, कारखाने, बांधकाम वाढलं की माल जास्त हलतो. आपल्या देशातला जवळपास सत्तर टक्के माल रस्त्यानं जातो. त्यामुळे डिझेलचा खप, टोलची वसुली, ट्रकची विक्री, माल नेताना ऑनलाइन काढाव्या लागणाऱ्या ई-वे बिलांचा आकडा यांवर अर्थतज्ज्ञ डोळा ठेवून असतात. पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता, याची इथं सर्रास गल्लत होते. बहुतेक वेळा उत्पादन आणि मागणी आधी वाढते आणि गाड्या तिच्या मागून येतात. चांगला रस्ता उत्पादनाला हात देतो, हेही खरंच. पण जिथं भरायला माल नाही तिथं चौपदरी रस्ता बांधला म्हणून माल आपोआप तयार होत नाही. गाडी फक्त जास्त वेगानं निघून जाते.

गाड्यांचा आकडा किती फसवा असतो याचं उदाहरण फार जुनं नाही. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारनं ट्रकच्या आसावरच्या, म्हणजे अॅक्सलवरच्या, वजनाची मर्यादा वाढवली. एका आसाला 10.2 टनांची परवानगी होती ती 11.5 टन झाली, तीन आसांच्या गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. एका कागदानं देशभरातल्या गाड्यांची भरण्याची ताकद पंधरा-वीस टक्क्यांनी वाढली. पुढच्याच वर्षी ट्रकची विक्री कोसळली. मंदीची झळ त्यात होतीच, पण तोच माल कमी गाड्यांत मावू लागला हेही मोठं कारण होतं. आमच्या गादीवर तेव्हा लहान मालकांच्या गाड्या आठ-आठ दिवस भाड्याविना उभ्या असायच्या. माल तेवढाच आणि गाड्या कमी, अशा वेळी ट्रक मोजणाऱ्यानं काय निष्कर्ष काढायचा?

त्या निर्णयाचा दुसरा हिशोब रस्त्यानं चुकता केला. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवून एक मोठी चाचणी झाली होती. त्यातून आलेला नियम रस्ते बांधणारे इंजिनिअर आजही वापरतात. आसावरचं वजन वाढलं की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढते. वजन दुप्पट केलं तर झीज सोळापट. 10.2 चे 11.5 टन झाले म्हणजे वजन आठव्या हिश्श्यानं वाढलं, पण झीज दीडपटीच्याही वर गेली. आणि ही कायदेशीर वजनाची गोष्ट झाली, ओव्हरलोड गाड्यांचा हिशोब वेगळाच. नुसत्या मधून जाणाऱ्या ट्रकनं केलेली झीज ज्या गावातून तो जातो त्या गावाच्या वाट्याला येते. खड्ड्यात पडणारा मोटारसायकलवाला गावचाच असतो.

ई-वे बिलांचं बघा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, बहुतेक राज्यांनी सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठवले आणि 1 एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालाला आणि पुढं राज्यातल्या मालालाही ई-वे बिल लागू झालं. साधारणपणे पन्नास हजार रुपयांवरचा माल हलवायचा तर ते काढावं लागतं. आता महिन्याला दहा कोटींच्या वर बिलं निघतात आणि पेपरात त्याची बातमी 'अर्थव्यवस्था जोरात' अशा मथळ्याखाली येते. पण कापसाच्या गाठींची एक गाडी अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून जळगावकडच्या सूतगिरणीला आली, तो कापूस सूत होऊन नाशिकच्या गोडाऊनला गेला, तिथून मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेला, की तोच माल तीनदा मोजला जातो. गोडाऊनं वाढली, मधले हात वाढले की फेऱ्या वाढतात. नेसणाऱ्याच्या अंगावर कापड तेवढंच येतं.

आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ताज्या फळांवर जीएसटी नाही, म्हणून त्यांना ई-वे बिलही लागत नाही. रावेर, यावल, चोपड्यातून उत्तरेला जाणारी केळी, जो खानदेशचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नाजूक माल आहे, तो या आकड्यात कुठंच दिसत नाही. सुरतेची साडी आपल्या दारावरून गेली की आकडा वाढतो. आपली केळी गेली तर वाढत नाही. अशा आकड्याच्या जोरावर आपल्या जिल्ह्याची भरभराट कशी सांगता येईल?

मधून जाणाऱ्या गाड्या आपल्याला काहीच देत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. शिरपूरपासून पळासनेरपर्यंत आणि इकडे साक्रीपासून नवापूरपर्यंत कित्येक घरं ढाब्यांवर, टायरच्या दुकानांवर, गॅरेजवर, वेल्डिंगवर उभी राहिली. माझ्या ओळखीत एक बाई आहेत, नवरा गेल्यावर त्यांनी हायवेच्या कडेला भाकरी थापून तीन मुलं शिकवली. हा पैसा खरा आहे. पण तो रस्त्याचा मिंधा आहे. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला. 701 किलोमीटरचा हा रस्ता खानदेशाला वळसा घालून जातो. नागपूरकडून मुंबईला जाणाऱ्या ज्या गाड्या आमच्याकडून जात होत्या त्यांना आता दुसरी वाट आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग रतलाम, दाहोद, बडोद्यावरून येतोय, तो पूर्ण झाला की आग्रा रोडवरच्या गाड्यांचाही एक वाटा तिकडे वळेल. दुसऱ्याचा माल नेणारी गाडी दुसऱ्या रस्त्यानं जाऊ शकते. फैजपूरच्या शेतातली केळी मात्र फैजपूरलाच भरावी लागते.

या गर्दीची जी किंमत आपण मोजतो तीही नीट सांगितली जात नाही. 4 जुलै 2023 ला पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत थेट हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. बिजासन घाट उतरून येणाऱ्या जड गाड्यांच्या वाटेवरचं ते गाव आहे. बसची वाट बघणारी, हॉटेलात बसलेली माणसं होती ती. जळगाव शहराच्या मधून हायवे गेला, तिथं शाळेच्या आणि कॉलेजच्या पोरांनी जीव गमावले, लोकांनी समांतर रस्त्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. फागणे ते तरसोद हा धुळे-जळगावमधला टप्पा चौपदरी व्हायला किती वर्षं गेली ते या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला विचारा. जून 2022 मध्ये याच महामार्गावर पुढं अमरावती-अकोल्यादरम्यान एका लेनचा 75 किलोमीटरचा डांबरी थर पाच दिवसांच्या आत अंथरून विक्रम झाला होता. म्हणजे यंत्रं आणि हुन्नर देशात होता. आमच्या वाट्याला तो उशिरा आला.

आता मुद्द्याचं. माल हलण्यापेक्षा त्याची किंमत कुठं वाढते, हे प्रगतीचं खरं माप आहे असं मला वाटतं. आणि इथं एक उलटी गोष्ट घडते जी सभेत कुणी सांगत नाही. जिल्हा पुढं गेला की कधीकधी ट्रक कमी लागतात.

कापसाचं गणित घ्या. 170 किलोची एक गाठ बांधायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. शेतकऱ्याकडून पाच क्विंटल घेऊन गाडी थेट परराज्यात गेली तर पाचशे किलो वजन गेलं. तोच कापूस इथल्या जिनिंगमध्ये रेचला, तर 170 किलोची गाठ निघाली आणि सव्वातीनशे किलोच्या आसपास सरकी उरली. सरकी इथंच घाण्यात गेली तर पस्तीस-चाळीस किलो तेल सुटलं आणि बाकीची बहुतेक ढेप इथल्याच म्हशींच्या पुढ्यात पडली. बाहेर काय गेलं? गाठ आणि तेल मिळून दोनशे-सव्वादोनशे किलो. ट्रकचं वजन निम्म्याच्याही खाली आलं. पण जिनिंगची मजुरी, घाण्याची मजुरी, ढेपेमुळे वाढलेलं दूध हे सगळं तालुक्यात राहिलं. त्या गाठीचं इथंच सूत झालं, सुताचं कापड झालं, तर वजन तेवढंच राहून किंमत कितीतरी पटींनी चढते. ट्रक मोजणाऱ्याच्या वहीत मात्र या तालुक्याची वाहतूक 'घटली' अशी नोंद होईल.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर आपल्याच इतिहासात डोकावावं. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या. त्याच दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत आली. खानदेशातून कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरात धावू लागल्या. वाहतूक पाहिली तर त्या काळाइतका सुकाळ नव्हता. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि गाठींनी मुंबईला जे दिलं त्यातलं इथं फार थोडं उरलं. पुढं जळगावला गिरणी निघाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप शेटजींनी गिरणी काढली, तेव्हा कुठं कापसाची किंमत कापसाच्या गावात वाढायला लागली. गिरणीमागून शाळा आल्या, कॉलेज आलं. त्याच अमळनेरात वनस्पती तूप बनवायला 1945 मध्ये एक कंपनी निघाली, कारण तेलबिया जवळ होत्या आणि स्टेशन दारात होतं. आज ती कंपनी विप्रो या नावानं जगाला माहीत आहे. अमळनेर हे धुळ्यासारखं तीन महामार्गांचं गाव नव्हतं. तिथं माल थांबत होता आणि बदलून बाहेर पडत होता.

आजही असं होतं ती ठिकाणं खानदेशात आहेत. जळगावच्या डाळमिलला विदर्भातून, मराठवाड्यातून, मध्य प्रदेशातून आणि मुंबई बंदरावर उतरलेली तूर, हरभरा येतो आणि डाळ होऊन देशभर जातो. गाडी भरून येते, भरून जाते. आमच्या धंद्यात यासारखं सुख नाही, कारण रिटर्न भाडं मिळालं की दोन्ही बाजूंचा दर उतरतो. नंदुरबारला जा, मिरचीच्या दिवसांत गावाबाहेरच्या पथाऱ्या लालभडक झालेल्या असतात. बायका वाकून वाकून मिरच्या पसरतात, उलथतात, खराब वेचून काढतात, नाकाला पदर बांधूनही दिवसभर खोकतात. तीन-चार क्विंटल ओल्या मिरचीची एक क्विंटल सुकी होते. म्हणजे गाडीत पाणी न भरता मिरची भरली जाते आणि वाळवण्याची मजुरी नंदुरबारला राहते. त्या बायकांना सावली, पाणी, तोंडाला नीट मास्क आणि वाळवणीची चांगली सोय मिळाली तर ती खानदेशची मालवाहतूक सुधारणाच आहे, असं मी म्हणेन. रस्त्याचा आणि तिचा संबंध नाही असं वाटेल, पण गाडीत काय भरायचं ते तिथंच ठरतं.

केळीच्या बाबतीत मात्र आपण अजून कापसाच्या 1865 सालातच आहोत. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमानाची गोष्ट आहे. तरी बरीचशी केळी हिरवीच कापून, घडाचे घड ट्रकमध्ये रचून उत्तरेला जाते. ती पिकते तिकडच्या रायपनिंग चेंबरमध्ये, पेटीबंद होते तिकडे, डझनावर विकली जाते तिकडे. इथं ती क्विंटलवर जाते, तीही बाजारात जाहीर झालेला भाव आणि शेतात प्रत्यक्ष हातात पडणारा भाव यांत तफावत ठेवून. निर्यातीसाठी फण्या कापून, धुऊन, पेटीत भरणारी पॅकहाऊस आता काही गावांत दिसतात, तिथं गावातल्या पोरापोरींना वर्षभर काम मिळतं. असं एक पॅकहाऊस मला चार पदरांच्या दहा किलोमीटर रस्त्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

वेळेबद्दलही बोललं पाहिजे, कारण महामार्गांचं समर्थन वेळ वाचतो या मुद्द्यावर होतं. एकदा आमच्या गादीवरून भरलेली गाडी परराज्यातल्या एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर चार दिवस उभी राहिली. आत माल उतरवायला जागा नाही, एवढंच उत्तर मिळायचं. ड्रायव्हर शिंदखेड्याकडचा, वय पन्नाशीचं. चार रात्री गाडीखाली ताडपत्री अंथरून झोपला, रोज संध्याकाळी फोन करून म्हणायचा, "शेठ, आजबी नाही उतरनं." चार दिवसांच्या डिटेन्शनचा, म्हणजे गाडी अडकून राहिल्याच्या भरपाईचा, एक रुपया मिळाला नाही, उलट उशीर झाला म्हणून भाड्यातून कापले. नव्या रस्त्यानं त्या फेरीत आमचे दोन-अडीच तास वाचले होते. आपल्याकडे ट्रक दिवसाला सरासरी तीनशे किलोमीटरच्या आसपासच चालतो असं जे म्हणतात, त्यात रस्त्याचा दोष आता कमी राहिलाय. भरायची रांग, उतरवायची रांग, वजनकाट्याची रांग, यांत गाडी अडकते. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचेच धनी असतात.

लांबच्या मालासाठी रेल्वे हवी, हे खानदेशाला सांगायची गरज नाही. एकेकाळी रावेर, निंभोरा, सावदा स्टेशनांवरून केळीच्या वॅगन दिल्लीला जात. गाड्यांची वेळ बेभरवशाची, वॅगन वेळेवर मिळायची नाही, म्हणून केळी रस्त्यावर आली. आता मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली आहे, खर्च अठरा हजार कोटींच्या वर. धुळ्यानं या रेल्वेची वाट पिढ्यान् पिढ्या पाहिली. ती झाली आणि नरडाण्याला, शिरपूरला माल चढवायची नीट सोय झाली तर आग्रा रोडवरचे कित्येक ट्रक कमी होतील. तेव्हा ट्रक कमी झाले म्हणून कुणी गळा काढू नये.

"मग काय रस्ते नकोत का?" असं मला आमच्याच धंद्यातले लोक विचारतात. रस्ते हवेत. 2020 च्या एप्रिलमध्ये गाड्या थांबल्या तेव्हा केळी बागेतच पिकून गळताना मी पाहिली आहे, रस्त्याचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. पण कोणता रस्ता आधी, हा प्रश्न आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता बघा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. सातपुड्याच्या पायथ्यानं जाणारा हा रस्ता म्हणजे खानदेशच्या केळीचा, कापसाचा, उसाचा, पपईचा रस्ता. यावर जवळजवळ प्रत्येक गाडी इथंच भरते. आणि वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त हाल याच रस्त्याचे झाले. चाळीसगावच्या वरचा कन्नड घाट जड वाहनांना 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद झाला. घाटातली कोंडी आणि अपघात पाहता आदेश योग्यच होता, पण त्यामुळे चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचा मराठवाड्याशी चालणारा व्यापार लांबच्या वळशाला लागला. तिथला बोगदा कागदावर किती वर्षं आहे? बाहेरचा माल वेगानं न्यायचे रस्ते आधी होतात, आपला माल बाहेर काढायचे रस्ते मागे पडतात. ट्रकांची गर्दी बघून रस्त्याचा क्रम ठरवला की असंच होणार, कारण सर्वाधिक गर्दी नेहमी मधून जाणाऱ्या गाड्यांचीच असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ई-वे बिलावर माल कुठल्या पिनकोडवरून निघाला आणि कुठल्या पिनकोडला जाणार ते लिहिलेलं असतं. टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद असते. केळी, ओली मिरची, भाजीचा आकडा ई-वे बिलात नसेल तर बाजार समित्यांच्या आवकेत आणि काट्यांच्या पावत्यांत तो सापडतो. हे एकत्र करून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांनी दर वर्षी जाहीर करावं की इथं भरलं किती, इथं उतरलं किती आणि नुसतं पुढं गेलं किती. भरलेल्या मालात कच्चा किती आणि तयार किती. जिल्हा नियोजन समितीत रस्त्याचा पैसा वाटताना हा तक्ता टेबलावर असावा. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात धुळे-नरडाणा हे नाव आहे, त्याचं पुढं काय झालं हेही याच तक्त्यातून दरवर्षी कळेल, कारण कारखाने आले तर नरडाण्याच्या पिनकोडवरून माल निघेल.

गेल्या श्रावणात मी रावेर तालुक्यात नातेवाइकांकडे होतो. नवतीची केळीबाग, घड भरलेले. दुपारी कापणारे मजूर आले, पण ट्रक डांबरी रस्त्यावरच उभा. आदल्या रात्री पाऊस झालेला आणि काळ्या मातीचा शिवाररस्ता लोण्यासारखा झालेला, ट्रक आत घेतला तर तो दोन दिवस निघाला नसता. मग घड आधी खांद्यावरून बांधापर्यंत, बांधावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढत डांबरीपर्यंत, तिथून पुन्हा हातानं ट्रकमध्ये. केळीला इतके हात लागले की साल काळी पडते, हे व्यापाऱ्यालाही माहीत आणि आम्हालाही. गाडी भरायला दुपारी चारला सुरुवात झाली ती रात्री साडेअकराला संपली. घरधनी आप्पा कंदील नको, मोबाइलचा उजेड नको म्हणत ट्रॅक्टरच्या दिव्यापुढं उभे राहून घड मोजत होते. व्यापाऱ्यानं डबल हमाली आणि डाग यांपोटी क्विंटलमागं भाव तोडला आणि आप्पांनी एका शब्दानं वाद घातला नाही, कारण घड कापून झाले होते. शेतापासून डांबरीपर्यंतचं ते अंतर पाऊण किलोमीटर आहे. त्याच्या मुरुमासाठी आप्पांनी आणि शेजारच्या सात-आठ शेतकऱ्यांनी मिळून अर्ज दिला त्याला चार वर्षं झाली. यंदाही पेरणीपर्यंत तिथं मुरूम पडलेला नाही.